टेबलावर चालतो, पेटीत बंद पडतो

पिल्लूमावशींचा फोन आला तेव्हा वन्सं एका वजनकाट्याच्या पोटात डोकं घालून बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मीटरच्या तारेची लाल सुई कायम कानावर खोचलेली असते म्हणून सगळे त्यांना मीटरबाई म्हणतात. मी आधी शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली आणि गेल्या वर्षापासून मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायला लागले. नणंद-भावजयीचं जमतं तरी कसं, असं लोक विचारतात. आमच्या दोघींच्या मध्ये सतत काहीतरी बिघडलेलं पडलेलं असतं, त्यामुळे भांडायला सवड मिळत नाही.

पिल्लूमावशींचं अंडी उबवण्याचं केंद्र आहे. फोनवर त्या एका दमात सगळं सांगत होत्या. मोठ्या मशीनमध्ये अठराशे अंडी आहेत, आज विसावा दिवस आहे, उद्या पिल्लं निघणार, आणि मशीन मात्र अर्धा तास धड चालत नाही. मध्येच आकडे विझतात, हीटर बंद पडतो, बटण दाबेपर्यंत पुन्हा चालू होत नाही. कालपासून त्या आणि त्यांची सून आळीपाळीने मशीनच्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. थर्मामीटर साडेसदतीसच्या वर गेला की हीटरचा खटका बंद, खाली आला की चालू. अंडी थंड पडली तर पिल्लं अशक्त निघतात, आणि नको तेवढी तापली तर तासाभरात खेळ खलास.

वन्संनी एवढंच विचारलं की आधी कुणी पाहिलंय का.

पलीकडे मावशी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, उस्तादांनी पाहिलंय. तीनदा.

वन्संनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मान ताठ केली. उस्ताद म्हणजे ज्यांच्या दुकानात वन्सं नऊ वर्षं होत्या ते. सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं, मीटर धरायला त्यांनीच शिकवलं. भांडण झालं ते एका शब्दावरून. एखादा पार्ट जळाला की वन्सं विचारायच्या, का जळाला. उस्ताद म्हणायचे, का ते विचारायचं नसतं, बदलायचं असतं. एके दिवशी गिऱ्हाइकासमोर ते म्हणाले की या बाईला डॉक्टर व्हायचं होतं, चुकून इथे आली. वन्संनी आपली हत्यारं पिशवीत भरली आणि बाहेर पडल्या. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी एकाला दुकानाच्या पाट्या वाचायच्या असायच्या आणि दुसरीला चपलेचा पट्टा नीट करायचा असायचा.

"वहिनी, तुझी वही घे," वन्सं म्हणाल्या. "आणि घरातला हेअर ड्रायर."

मशीन एका लांबट खोलीत होतं, कपाटाएवढं, पुढे काचेचं दार. आत पिवळसर दिवा, ट्रेमध्ये अंड्यांच्या रांगा. खोलीभर ओलसर ऊब आणि लाकडाच्या भुशाचा वास. मावशींची सून स्टुलावर बसून खटक्यावर बोट ठेवून होती. डोळे लाल झाले होते तिचे, पण काचेवरची नजर हलत नव्हती. मशीनच्या कुशीला जाड पुस्तकाएवढी पत्र्याची पेटी होती. सगळं चालवणारा बोर्ड तिच्यात.

वन्संनी झाकण काढलं आणि शीळ घातली. बोर्ड नव्या पार्टांनी चमकत होता. मोठे कंडेन्सर नवे, ट्रान्सफॉर्मर नवा, पाच व्होल्ट देणारा पार्ट नवा, खटके मारणारी रिलेसुद्धा नवी. उस्तादांचे डाग मी ओळखत नाही, पण वन्संनी लगेच ओळखले. थेंबासारखे गोल, एकसारखे, कुठे ओघळ नाही. काम बघून हात बघावेसे वाटतील असं. त्या म्हणाल्या, चोर सोडून एवढ्या संन्याशांना फाशी दिलीय यांनी, पण दिलीय मात्र सुबक.

मावशींनी मग सगळी कथा सांगितली. महिन्यापूर्वी मशीन पहिल्यांदा बंद पडलं, तेव्हा उस्तादांनी एक सुकलेला कंडेन्सर बदलला आणि ते सुरळीत चालू झालं. दहा दिवसांनी पुन्हा बंद. मग त्यांनी बोर्ड दुकानात नेला. तिथे टेबलावर दोन दिवस आणि दोन रात्री तो सलग चालला. इथे आणून बसवला, वीस मिनिटांत बंद. पुन्हा नेला, पुन्हा चालला. बोर्ड नसेल तेव्हा अंडी धाकट्या मशीनमध्ये असायची; आता दुरुस्त झालं या भरवशावर ती इथे आणली आणि तिथे नवी भरली. तिसऱ्यांदा उस्ताद म्हणाले, मशीनच म्हातारं झालंय, नवं घ्या.

"टेबलावर चालतो आणि पेटीत बंद पडतो," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं होतं. वर्गातल्या एखाद्या मुलीला उत्तर सापडायच्या आधीच ते सापडणार हे कळतं ना, तसं. "मावशी, हा बोर्ड मी नेणार नाही. जे व्हायचं ते इथेच होऊ दे."

त्यांनी मीटर पाच व्होल्टच्या तारेवर लावला, झाकण परत बसवलं आणि मला सांगितलं की बंद पडेल ती वेळ लिहायची, मिनिटासकट, आणि त्या वेळी काय काय चाललं होतं तेही. हजेरी घेण्यात माझी पंधरा वर्षं गेलेली. मी रेघा मारून रकाने पाडले.

पहिल्यांदा एकवीस मिनिटांनी बंद पडलं. मीटरवर पाचाचे चार पॉइंट एक झाले, क्षणभर, आणि परत पाच. आकडे विझले. सुनेने खटका हाती घेतला. वन्सं म्हणाल्या, पाच व्होल्ट तयार नीट होतायत, पुढे कुणीतरी ते मध्येच पिऊन टाकतंय. नंतर बटण दाबून पुन्हा सुरू. बघायला काढलेलं झाकण मात्र उघडंच राहिलं होतं. या वेळी सत्तेचाळीस मिनिटं लागली. मग वन्संनी झाकण लावलं तर एकोणीस. उघडं ठेवलं, पन्नास. मी रकान्याखाली रेघ ओढली आणि वही त्यांच्यासमोर धरली. झाकण लावलं की लवकर, उघडं असलं की उशिरा. पत्र्याला हात लावला तर तो चांगलाच गरम होता, मशीनच्या भिंतीला चिकटूनच होती ना पेटी.

वन्संनी माझ्या पाठीवर थाप मारली. हळू मारायचं त्यांना माहीत नाही.

आता सोपं होतं. बोर्ड सैल काढायचा, ड्रायरने तापवायचा आणि कोण दगा देतो ते पाहायचं. वन्संनी चारही स्क्रू काढले, बोर्ड तारांसकट बाहेर घेऊन एका लाकडी फळीवर ठेवला. ड्रायर सुरू केला. मी मीटरवर नजर लावली. पाच. बोर्ड हाताला सोसवेना इतका तापला. पाच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, आकडा ढिम्म हलला नाही.

काचेच्या आत कुठेतरी टिक असा बारीक आवाज झाला. मावशी वाकून बघू लागल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की दुसऱ्या ट्रेमधल्या एका अंड्याचा टवका उडाला. सुरुवात झाली होती. दिवसभर आधीच.

मी वन्संकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या खचतील. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी ड्रायर बंद केला आणि माझा दंड धरला.

"वहिनी, नुसत्या उष्णतेने होत नाही. पेटीत होतं. पेटीत काय आहे जे फळीवर नाही?"

मी पेटीकडे पाहिलं. पत्रा. चार भोकं.

"स्क्रू," मी म्हणाले.

"स्क्रू," त्या म्हणाल्या आणि आपली पेन्सिल शोधू लागल्या.

नेमकं तेव्हा दारात कुणीतरी खाकरलं. उस्ताद उभे होते. परवा त्यांचा चष्मा इथे राहिला होता, तो न्यायला आले होते. त्यांनी फळीवरचा बोर्ड पाहिला, वन्संना पाहिलं. मावशींच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव आले. माझ्या मनात आलं, आता काही खरं नाही. मावशी काहीतरी सारवासारव करायला लागल्या, पण वन्संनी वरही पाहिलं नाही. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्या बोर्डाचा एक कोपरा दाबत होत्या. पहिला कोपरा, काही नाही. दुसरा, काही नाही. आकड्यांच्या डिस्प्लेजवळचा तिसरा कोपरा त्यांनी दाबला आणि मीटरवर चार पॉइंट तीन आलं. सोडला, पाच. दाबला, चार पॉइंट दोन.

उस्ताद चष्मा विसरले. दोन पावलं टाकून ते फळीशी आले आणि म्हणाले, "पुन्हा दाब."

वन्संनी पुन्हा दाबला.

चार वर्षांत त्यांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. पुढचं बोलणंही तसलंच होतं. उस्ताद म्हणाले ड्राय सोल्डर असेल, म्हणजे आतून सुटलेला डाग. वन्सं म्हणाल्या ड्राय सोल्डर असता तर तार तुटली असती, व्होल्टेज कुणी प्यायलं नसतं. उस्तादांनी मान डोलावली. डिस्प्ले काढून बघू, ते म्हणाले. तो पिनांवर नुसता खोचलेला होता, अलगद ओढला की निघतो. निघाला. आणि त्याच्या खाली, इतके दिवस झाकलेल्या जागेत, तिळाएवढ्या तपकिरी कंडेन्सरांची एक रांग दिसली. नऊ होते. काखेत कळसा म्हणतात तो हा.

नऊही सारखेच दिसत होते. वन्संनी भिंग लावून पाहिलं, उस्तादांनी चष्मा शोधून पाहिलं, कुठे काळं नाही, कुठे फुगलेलं नाही. एकेक काढून तपासायचे तर वेळ जाणार आणि बोर्डही दुखावणार. मागून टिक, टिक असे आवाज वाढत होते. सुनेने विचारलं, आता दार उघडायचं नाही ना. मावशी म्हणाल्या, अजिबात नाही, दमट हवा बाहेर गेली तर पिल्लाभोवतीचं पातळ पटल सुकतं आणि ते कवचातच अडकतं.

वन्सं एकदम म्हणाल्या की स्पिरिट हवं. मावशींकडे इंजेक्शनच्या वेळी पुसायला लागणारी बाटली होती. युक्ती अशी होती: जो पार्ट वीज पितो तो तापतो, आणि जो तापतो त्याच्यावरचं स्पिरिट सगळ्यांच्या आधी सुकतं. फक्त तेवढा वेळ कोपरा एकसारखा दाबून धरायला हवा, आणि हात तसूभरही हलता कामा नये. वन्संना स्पिरिट घालायचं होतं. मला मीटर बघायचा होता. पेन्सिल फळीवर पडून होती.

उस्तादांनी ती उचलली. साठी उलटलेला माणूस, पण त्या थेंबासारख्या डागांचा हात तो. त्यांनी कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली आणि हळूहळू जोर दिला. मीटर चारवर आला आणि तिथेच थांबला, खिळा ठोकल्यासारखा. वन्संनी कापसाने स्पिरिट पसरलं. नऊ तिळांवर एक ओली चकाकी आली.

मावशीसुद्धा काच सोडून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी मनात आकडे मोजत होते. आठ, नऊ, दहा. चकाकी तशीच. अकरा. मग डावीकडून सातव्या तिळाभोवती एक कोरडं वर्तुळ उमललं. आधी टाचणीच्या डोक्याएवढं, मग डाळीएवढं. बाकीचे आठ ओलेच.

"सातवा," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

खातरी करायला वन्संनी दोनदा तेच केलं. दोन्ही वेळा सातवा. मग सोल्डरिंगच्या दोन तापलेल्या टोकांनी त्यांनी तो उचलला, आणि उस्तादांनी कोपरा दाबला. पाच. जोरात दाबला. पाच. तापवून दाबला. पाच, पाच, पाच. मी शाळेत कधी टाळ्या वाजवू दिल्या नाहीत, पण त्या दिवशी मीच आधी वाजवल्या.

त्या जागी दुसरा हवा होता. उस्तादांच्या पिशवीत एका मेलेल्या चार्जरचा बोर्ड होता, त्यातून तसाच एक काढून वन्संनी लावला. बोर्ड पेटीत ठेवला. आणि स्क्रू हातात घेऊन त्या थांबल्या. तिसऱ्या भोकाखालचा आधार त्यांनी बोटाने चाचपला, मग बाकीच्या तिघांचा. तिघांखाली कागदी पुठ्ठ्याचा एक बारीक वॉशर होता. तिसऱ्याखाली नव्हता. तिथे स्क्रू आवळला की बोर्ड वाकत होता, पेटी तापली की आणखी वाकत होता, आणि त्या वाकण्यात सातव्याला तडा गेला होता.

त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "उस्ताद, पहिल्यांदा बोर्ड काढला तेव्हा इथे वॉशर होता?"

मावशी काचेकडे परतल्या होत्या. त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात वन्संनी विचारलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. उस्तादांना नाही म्हणता आलं असतं. आठवत नाही असंही म्हणता आलं असतं. त्यांनी बोटाने ते भोक चाचपलं.

"होता," ते म्हणाले. "हातातून घरंगळला. शोधला नाही मी. स्क्रू जास्त आवळला, म्हटलं तेवढंच पक्कं बसेल."

मग ते वळले आणि मावशींना हाक मारून मोठ्याने तेच सांगितलं. पहिला बिघाड यंत्राचा होता, नंतरचा माझा. मशीन म्हातारं नाहीये, नवं घेऊ नका. मला वाटलं मावशी आता कडाडतील. कालपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता त्यांच्या. त्या म्हणाल्या, सांगितलंत हे बरं केलंत, मी तर यंत्र विकायला काढणार होते. आणि सुनेला म्हणाल्या, चहा टाक, पाच कप.

वन्संनी बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणातून चकती कापून वॉशर केला. उस्तादांनी चारही स्क्रू लावले, बोटांनी जेवढे बसतात तेवढेच. डिस्प्ले खोचला, झाकण लावलं, बटण दाबलं. साडेसदतीसचे लाल आकडे उजळले. मी वहीत वेळ लिहिली, बारा वाजून दहा मिनिटं.

एकोणीस मिनिटं झाली. एकविसावं मिनिट गेलं. पन्नासावं गेलं. सून खटक्यावरून बोट काढायला तयार नव्हती, मावशींनी ते धरून काढलं. दोन तास झाले तेव्हा ती बिचारी स्टुलावरच भिंतीला टेकून झोपली होती आणि आकडे तसेच जळत होते.

अडीचच्या सुमाराला दुसऱ्या ट्रेमधलं ते पहिलं अंडं गर्रकन अर्धं फिरलं. कवचाची टोपी उचलली गेली आणि एक ओलं, चिंब, कुरूप पिल्लू बाहेर लोळलं. लोळलं ते लोळलं, आणि लगेच उठायची धडपड करायला लागलं. त्याच्या शेजारच्या अंड्याला भेग पडली. मग तिसऱ्या ट्रेमध्ये दोन एकदम. मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. डोळे भरून आले, हसूही येत होतं. मी वन्संना हाक मारली.

त्या खिडकीपाशी होत्या. कापसावर तो सातवा कंडेन्सर ठेवून भिंगातून बघत होत्या. तडा सापडला होता त्यांना, केसाहून बारीक, कोपऱ्यातून तिरपा गेलेला. उस्ताद शेजारी वाकून उभे होते आणि म्हणत होते, सरक जरा, मला दिसू दे. त्या म्हणाल्या, उजेडाकडे तिरका धरा, म्हणजे दिसेल. दोघांची डोकी एका भिंगावर टेकली होती. उस्ताद विचारत होते की तडा पडला तर तार तुटायला हवी, शॉर्ट का होतो. चार वर्षांपूर्वी ज्या शब्दावरून भांडण झालं तोच शब्द त्यांच्या तोंडून आला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वन्संच्या मात्र होतं. त्या गालात हसल्या आणि सांगायला लागल्या की आत पापुद्रे असतात, वाकले की एकमेकांना लागतात.

मावशींनी दोनदा हाका मारल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो, पिल्लं इकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोळाशे बारा पिल्लं निघाली. मावशींनी मोजून फोन केला, आणि वन्संनी ताबडतोब उस्तादांना कळवलं.